"पहिलंच का?" ला काय उत्तर देता? (बाळ गेल्यानंतरचं बाळंतपण)

अबोली
१२ जून, रात्री ११:४८

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आज लिहूनच टाकते, कारण झोप लागत नाहीये आणि नवऱ्याला रोज उठवायचं तरी किती.

मला चोविसावा आठवडा चालू आहे. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेली. आदल्या संध्याकाळपासून हालचाल कमी वाटत होती. साबा (सासूबाई) म्हणाल्या शेवटी शेवटी बाळ शांत होतंच, मीही म्हटलं उद्या तशीही अपॉइंटमेंट आहे. सकाळी सोनोग्राफीवाल्या मॅडमनी स्क्रीन हळूच माझ्यापासून वळवली तेव्हाच कळलं. मला वाटलेलं निदान सिझर तरी करतील, पण नॉर्मलच करावी लागली, सोळा तास. तिला खूप केस होते. तेवढं मी बघितलं, मग नेलं तिला.

आता प्रश्न. साधाच आहे. सोसायटीत, ऑफिसात, लिफ्टमध्ये सगळे विचारतात, "पहिलंच का?" हो म्हटलं की दिवसभर घशाशी काहीतरी अडकून राहतं. नाही म्हटलं की लगेच "मग मोठं केवढं?" आणि खरं सांगितलं की समोरचीचा चेहरा असा पडतो की मलाच तिची समजूत घालावी लागते. गेल्या आठवड्यात भाजीवाल्या मावशींना हो म्हणून टाकलं. त्यांनी कौतुकाने चार कैऱ्या जास्त घातल्या. घरी येऊन त्या कैऱ्या ओट्यावर ठेवल्या आणि तिथेच खाली बसून रडले, मुलीला नाही म्हणून चार कैऱ्या घेऊन आले असं वाटलं.

माझ्या फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिलंय जी टू, पी वन, एल झिरो. तिथे ती आहे. बाकी कुठेच नाही.

दुसरं म्हणजे डोहाळजेवण. आई म्हणते अजिबात नको, मागच्या वेळी हौसेनं केलं आणि काय झालं. साबा म्हणतात घरातल्या घरात पाच बायका बोलवू. मला दोन्हीची भीती वाटते.

ज्या यातून गेल्यात त्यांनी सांगा. तुम्ही काय उत्तर देता?

रानजाई
१३ जून, सकाळी ६:१०

अबोली, वाचलं. काय लिहावं सुचत नाहीये. तिचं नाव ठेवलं होतंत का?

अबोली
१३ जून, सकाळी ६:२५

ठेवलं होतं गं. मुक्ता. बारसं झालं नाही त्यामुळे घरात कोणी उच्चारत नाही. दोन वर्षांत हे विचारणारी तू पहिली.

लेबररूम
१३ जून, दुपारी २:३०

मी एकोणीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली बारा लेबर रूममध्ये. ते जी-पी-एल म्हणजे कितव्यांदा दिवस गेले, किती बाळंतपणं झाली, हयात मुलं किती. आम्ही दिवसाला वीसदा लिहितो. एल झिरो लिहिताना मी तरी मान वर करून बघत नाही पेशंटकडे, खरं सांगते. तुझं वाचल्यावर आज ड्यूटीवर एकीकडे बघितलं.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगते, कारण हा धागा आणखी कोणीतरी वाचत असेल. शेवटच्या दिवसांत बाळाची हालचाल कमी होते हे खरं नाही. जागा कमी पडते म्हणून प्रकार बदलतो, लाथेऐवजी सरकल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होता कामा नये. अठ्ठावीस आठवड्यांनंतर जेवण झालं की कुशीवर पडून लक्ष द्यायचं, दोन तासांत दहा वेळा हलायला हवं. आणि आकड्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तुझ्या बाळाची रोजची सवय. ती बदलली की थेट हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन असले तरी. थंड पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, सकाळी बघू, यातलं काही करायचं नाही. झोपतानाही कुशीवरच झोप, अठ्ठाविसाव्यानंतर उताणं नको.

त्या रात्री गेली असतीस तर काय झालं असतं ते आज कोणीच सांगू शकत नाही. पण तुला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं ना? ते सांगायचं काम आमचं होतं. तुझ्या साबांचंही नव्हतं आणि तुझंही नव्हतं.

प्राजक्ता_ना
१३ जून, संध्याकाळी ५:०२

ताई, रागवू नका, पण सगळ्यांना सांगत बसायची गरजच काय? भाजीवालीला काय करायचंय? हो म्हणायचं आणि पुढे चालायचं. गेलेलं सारखं उगाळलं की बाळावर परिणाम होतो, गर्भसंस्काराच्या वर्गात पण हेच सांगतात, आई रडली की आत कळतं. आनंदी राहा, छान संगीत ऐका. आणि विश्वास ठेवा, तीच परत येतेय.

कडूगोड
१३ जून, रात्री ९:४०

प्राजक्ता, "तीच परत येतेय" हे मला माझ्या मुलाच्या वेळी इतक्या जणींनी ऐकवलं की मी मोजायचं सोडून दिलं. माझी मुलगी तीन वर्षांची होऊन गेली, डेंगीने. तिला वरणभातावर लिंबू लागायचं, आणि पाऊस आला की चपला हातात घेऊन पळायची, भिजतील म्हणून. आता जो आहे तो लिंबाला हात लावत नाही आणि डबक्यात चपलांसकट उडी मारतो. तो तो आहे. त्याच्या बारशालाच आत्या म्हणाल्या, बघ तसंच हसतो, तीच आली. मी त्याला उचललं आणि आतल्या खोलीत गेले. आल्या दिवशीपासून त्या एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर बहिणीचं आयुष्य कशाला ठेवायचं?

आणि "रडलीस तर बाळावर परिणाम होईल" हे गरोदर बाईला सांगणं बंद करा हो. आधीच ती घाबरलेली असते, त्यात रडायचीही भीती घालायची?

लेबररूम
१३ जून, रात्री १०:१५

कडूगोड, +१. रडण्याने बाळ जात नाही. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव लागत नाही असं झालं तर मात्र उपचार घ्यायचे आणि ते गरोदरपणात घेता येतात. रात्री अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

वाटसरू
१४ जून, रात्री १२:५०

इथे सगळ्या बायका आहेत, मी लिहू का माहीत नाही. लिहितो.

आमचा मुलगा चार दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होता. लहान बाळाला दहन देत नाहीत, पुरतात, हेही मला त्या दिवशी कळलं. मी आणि मेहुणा गेलो. बायको वरच्या मजल्यावर ॲडमिट होती, तिला येऊ दिलं नाही. वाटेत कोणीतरी म्हणालं मीठ घ्या, पाच किलो. मी किराणा दुकानात उभा. दुकानदार म्हणाला, "काय, लोणच्याची तयारी वाटतं यंदा?" मी हो म्हणालो. पिशवी घेतली आणि निघालो.

म्हणून अबोली, भाजीवालीला तुम्ही हो म्हणालात त्याचं मला कळतं. ते तिला नाकारणं नसतं हो. त्या क्षणी तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

त्यानंतर मला ऑफिसात, घरी, सगळ्यांनी एकच विचारलं, "ती कशी आहे?" तीन वर्षं मी सांगतोय, ती बरी आहे. दुसऱ्या वेळी डिलिव्हरीच्या आधी महिनाभर मी गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ दिलं नाही. रोज रात्री खाली जाऊन काटा बघून यायचो. मुलगी आता दीड वर्षाची आहे. तरीही बघतो.

रानजाई
१४ जून, सकाळी ७:०५

वाटसरू, तुम्ही कसे आहात?

वाटसरू
१४ जून, सकाळी ९:३०

आज ठीक आहे. विचारलंत, बरं वाटलं.

मीनाकाकू
१५ जून, सकाळी ११:२०

अबोली बाळा, मी ६६ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यातली. माझा थोरला १९८४ साली आठ महिन्यांचा असताना हगवणीने गेला. दोन दिवसांत. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, एवढं साधं आमच्या वस्तीवर कोणाला माहीत नव्हतं, उलट पाणी तोडलं होतं त्याचं, पाण्याने जास्त होतं म्हणून. हे मी कधी कोणाला बोलले नाही. पाणी तोडणारे सगळे त्याच्यावर जीव टाकणारेच होते.

दुसऱ्या वेळी सासूबाईंनी काय काय केलं सांगते. पाळणा विकत घेतला नाही, शेजारून मागून आणला. पहिलं अंगडं दुसऱ्याच्या लेकराचं, वापरलेलं. पाचवीला सटवाई पुजली तेव्हा कोणाला बोलावलं नाही. आणि बाळाला नाव ठेवलं धोंडू. म्हणजे दगडधोंडा आहे, न्यायच्या लायकीचं काही नाही, असं त्याला, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं. मला तेव्हा राग यायचा, माझ्या एवढ्या गोऱ्यागोमट्या पोराला धोंडू म्हणतात. आता वाटतं, म्हातारी माझ्याइतकीच घाबरली होती. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून हे करत होती.

तुझ्या प्रश्नाचं. मला किती मुलं विचारलं की मी अडतीस वर्षं "दोन" सांगितलं. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी डॉक्टरकडे गेले, तिथल्या पोरीने विचारलं, "आजी, बाळंतपणं किती?" मी म्हणाले तीन. पटकन गेलं तोंडातून. तिने तीन लिहिलं आणि पुढचं विचारलं. घरी येईपर्यंत रिक्षात मी तेच घोळवत होते. मुलं किती म्हटलं की अडकायला होतं. बाळंतपणं किती म्हटलं की तिन्ही माझी.

तर तुला कोणी पहिलंच का विचारलं तर म्हण, दुसरं बाळंतपण आहे. खोटं नाही आणि लांबणही नाही. पुढे विचारलं तर सांग, मोठी नाही आता. बस. समोरचीचा चेहरा पडला तर पडू दे, तो उचलायचं काम तुझं नव्हे.

त्याचं झबलं अजून ट्रंकेत आहे. डांबराच्या गोळ्या दर दिवाळीला बदलते.

शिवार
१५ जून, दुपारी १:४५

काकू, दंडवत घ्या.

थोडं अवांतर होतंय, पण आमच्या आजोबांचं नाव केरबा. आधीची चार भावंडं गेली होती म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना केरावर ठेवून उचललं आणि आत्याने सव्वा रुपयाला "विकत" घेतलं. आत्या म्हातारपणापर्यंत त्यांना सांगायची, "तू माझा आहेस, पावती नाही एवढंच."

गव्हाणी
१५ जून, दुपारी ३:१०

आमच्याकडे भिकाआत्या होत्या. नाव भिकाबाई आणि नावावर पाच एकर ऊस. गावात धोंडू, दगडू, केरू, भिकू नावाचं कोणी दिसलं की समजायचं, याच्या आधी त्या घरात एक पाळणा रिकामा झालाय. त्या लेकरांची नावं कुठे नाहीत, पण मागून आलेल्याच्या नावात ती राहिलीत. हे मला आज काकूंचं वाचून सुचलं.

प्राजक्ता_ना
१६ जून, रात्री ११:१५

कडूगोडताई, तुम्हाला उत्तर लिहायला बसले होते, तीनदा पुसलं.

माझे स्वतःचे दोन अबॉर्शन झालेत, आपोआप, एक नवव्या आठवड्यात आणि एक अकराव्या. नवरा आणि आई सोडून कोणाला माहीत नाही. "तेच परत येईल" हे आईने मला सांगितलं होतं आणि तेव्हा मला धरायला तेवढंच होतं. म्हणून मी दुसऱ्यालाही तेच दिलं. लागलं असेल तर माफ करा. अबोलीताई, तुम्हीपण.

कडूगोड
१६ जून, रात्री ११:३२

अगं माफी कसली. मीही जरा जोरात बोलले. तुझी दोन आहेत हे आता आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ये इकडे बस.

फाईलवाली
१७ जून, दुपारी १२:२०

मी एचआरमध्ये आहे, माझ्याकडून थोडी कोरडी माहिती, कारण हे खूप जणींना माहीत नसतं आणि त्या अर्ध्या रडत, अर्ध्या लीव्ह बॅलन्स मोजत परत कामावर येतात.

गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. त्या कायद्यात सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचं गर्भपात धरतात, त्यापुढचं बाळंतपण. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली, आणि तिथे शब्द "हयात मुलं" असा आहे. दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तरच रजा १२ आठवड्यांवर येते. गेलेलं बाळ मोजून कोणी तुमची रजा कमी करू शकत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २०२२ मध्ये वेगळा आदेश निघाला, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा.

आणि अबोली, ती फक्त फाइलीवर आहे म्हणालीस ना. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्यात जन्माच्या व्याख्येतच मृतजन्म येतो आणि त्याची नोंद वेगळ्या फॉर्मवर करायची असते. हॉस्पिटलने पाठवली होती का विचारून बघ.

अबोली
१७ जून, रात्री ८:५०

हे मला माहीतच नव्हतं. विचारते.

काकू, तुमचं वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो उठून गॅलरीत गेला. आल्यावर म्हणाला, "दुसरं बाळंतपण. हे मी पण म्हणू शकतो." आज लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलंच. मी म्हणाले दुसरं बाळंतपण. त्या म्हणाल्या, "जप हो." एवढंच. चौथा मजला आला, त्या गेल्या.

पावसाळी_मँचेस्टर
१९ जून, रात्री २:०५

मी मूळची सांगलीची, इथे मँचेस्टरला दहा वर्षं. आमचा मुलगा एकोणचाळिसाव्या आठवड्यात गेला. इथे थंडावा देणारा एक छोटा पाळणा असतो, त्यात बाळाला ठेवतात, म्हणजे आईबापाजवळ ते दीडदोन दिवस राहू शकतं. आम्ही त्याला आंघोळ घातली. हातापायाचे ठसे घेतले. सांगलीहून आई फोनवर ओरडत होती की बघू नकोस, माया लागेल. मी म्हटलं आई, ती नऊ महिन्यांपूर्वीच लागली.

दुसऱ्या वेळी इथल्या सेंट मेरीज हॉस्पिटलात रेनबो क्लिनिक आहे, आधी बाळ गेलेल्या बायकांसाठीच, तिथे होते. दर थोड्या दिवसांनी स्कॅन, वारेचा रक्तप्रवाह बघायचे, आणि मुख्य म्हणजे दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगावी लागायची नाही. माझ्यासाठी ते औषधापेक्षा मोठं होतं. आपल्याकडे असं क्लिनिक नसलं तरी डॉक्टरला सांगून फाइलीच्या वरच्या कव्हरवर ठळक लिहून घेता येईल की आधीचं बाळ गेलंय, म्हणजे नवीन सिस्टर हसत "पहिलं का" विचारणार नाही.

माझा एक प्रश्न आहे. घरी वापरायचा डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, कोणी घेतलाय का? मैत्रीण विचारतेय, पुण्यात असते.

शेवंती
१९ जून, सकाळी १०:००

मी घेतला होता ऑनलाइन. रात्री तीनला ठोके ऐकायचे तेव्हा कुठे झोप लागायची. मला तर त्यानेच तारलं.

लेबररूम
१९ जून, दुपारी ३:२०

शेवंती, तुला धीर आला हे समजतं, पण मी घेऊ नका म्हणेन. आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून बायका घरी थांबल्याचं पाहिलंय. आणि ठोका ऐकू आला म्हणजे बाळ ठीक आहे असंही नसतं. हालचाल कमी वाटली तर यंत्र काढायचं नाही, चप्पल घालायची.

शेवंती
१९ जून, रात्री ९:५५

मान्य. माझ्या बाबतीत तसं झालं नाही म्हणून मी बोलले, पण धोका खरा आहे. दुसऱ्या कोणी घेऊ नका.

आता मूळ विषयावर, कारण सगळे बाळ होईपर्यंतचं बोलतायत आणि मला नंतरचं सांगायचंय.

बाळ रडलं की सगळं संपेल असं मला वाटायचं. दुसऱ्या वेळी पोटात रोज हेपॅरिनची, रक्त पातळ ठेवायची, इंजेक्शनं घेतली, रक्ताच्या तपासणीत अँटीबॉडी निघाल्या होत्या म्हणून, पोट निळंकाळं झालेलं. एकही कपडा आणला नव्हता, डिलिव्हरीनंतर नवरा दुकान उघडायची वाट बघत बाहेर उभा होता. बाळ रडलं. सगळे रडले. मी छताकडे बघत होते. काहीच वाटत नव्हतं. साबा म्हणाल्या, "आता तरी हस."

पहिले दोन महिने मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. श्वास लागतोय ना. ती झोपली की उठवायचे आणि उठून रडली की मलाच राग यायचा, आणि मग रागाची लाज, की एवढं नवस करून मिळालं आणि तू चिडतेस? एकदा दुपारी ती थांबतच नव्हती, मी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. पाच मिनिटं असतील. मला वाटलं मी आई व्हायच्या लायकीचीच नाही, म्हणूनच पहिलं गेलं.

लसीकरणाला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाकडे बघता बघता माझ्याकडे बघितलं. दहा प्रश्नांचा एक कागद दिला, भरून घेतला आणि म्हणाल्या, हे थकवा नाही, हे आजारपण आहे, याला औषध आहे. सहा महिने गोळ्या आणि दर आठवड्याला बोलणं. अंगावर पाजतानाच चालणाऱ्या गोळ्या दिल्या. माया आली, पण हळूहळू आली, साधारण पाचव्या महिन्यात एकदा तिने माझी बांगडी तोंडात घातली आणि माझ्याकडे बघून हसली तेव्हा.

अबोली, बाळ आलं की मुक्ताचं दुःख जाईल असं कोणी सांगितलं तर मान हलव आणि सोडून दे. बाळाच्या प्रत्येक पहिल्या गोष्टीला ते परत येतं. पहिला दात, पहिलं पाऊल. दोन्ही एकाच वेळी होतं, एका डोळ्याने हसायचं, एका डोळ्याने... असो.

कडूगोड
१९ जून, रात्री १०:२०

शेवंती, दार ओढून नळ सोडून बसणं हेच बरोबर होतं. बाळ पाळण्यात सुरक्षित होतं, तू पाच मिनिटं घेतलीस.

आशा_पूर्वविदर्भ
२१ जून, सायंकाळी ७:१५

मी आशा कार्यकर्ती आहे गडचिरोली जिल्ह्यात. आमच्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला शिकवलं, ३९ गावांत. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, त्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आता आम्ही आशा तेच करतो, दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जातो, तिसऱ्या दिवसापासून.

ज्या घरात आधीचं बाळ गेलंय तिथे मी बाळाचं वजन करायच्या आधी आईला विचारते, जेवलीस का. तिथे आई बाळाला खाली ठेवतच नाही, काटा लावायला द्यायलाही हात थरथरतो. मी म्हणते, तूच धर काट्याची झोळी, मी फक्त आकडा वाचते. एकीने दोन किलो आठशे ऐकलं आणि मला तीनदा परत वाचायला लावलं.

जुनीपानं
२२ जून, सकाळी ८:४०

या सगळ्यावरून डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, उपचार मिळाले नाहीत. आपण शाळेत शिकतो की त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाला विषयही बाळंतपणाचाच घेतला होता. त्या दहा दिवसांच्या मुलाचं नाव मी खूप शोधलं. मला तरी मिळालं नाही.

अबोली
२४ जुलै, रात्री १०:३०

बरेच दिवसांनी येतेय. तिसावा आठवडा.

डोहाळजेवण केलं. आईला मी सरळ विचारलं, तुला काय वाटतं, मागच्या वेळच्या हिरव्या साडीमुळे मुक्ता गेली? आई गप्प बसली आणि मग म्हणाली, "नाही गं. तुझी ओटी भरताना माझे हात कापतील म्हणून नको म्हणत होते." मला वाटत होतं ती अपशकुनाला घाबरतेय. म्हटलं कापू देत.

पाचच जणी होत्या. फुलांचे दागिने, धनुष्यबाण वगैरे काही नाही. आईने ओटी भरली, तांदूळ थोडे खाली सांडले, कोणी काही बोललं नाही. मग साबांनी एक दुसरा छोटा नारळ काढला आणि देवापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा मोठीचा." मला आधी काही सांगितलं नव्हतं त्यांनी. त्या रात्रीबद्दल, "शांत होतंच बाळ" म्हणाल्याबद्दल त्या दोन वर्षं माझ्याशी नीट बोललेल्या नव्हत्या, आणि मला वाटायचं त्यांना काही वाटतच नाही.

नोंदणीचं विचारलं. हॉस्पिटलने पाठवलेली होती. वॉर्ड ऑफिसातल्या माणसाने रजिस्टर उघडून ओळ दाखवली. नावाचा रकाना नाही त्यात. पण तारीख आहे, स्त्री लिहिलंय, आईचं नाव माझं आहे. मी बोट ठेवून बघितलं.

मीनाकाकू
२५ जुलै, सकाळी ६:४५

साबांना माझा नमस्कार सांग.

निःशब्द_०८
१४ ऑगस्ट, पहाटे ४:१०

आजच सभासद झाले. हा धागा रात्रभर वाचला. सोमवारी माझं बाळ गेलं, बत्तिसावा आठवडा होता. आज चौथा दिवस. कालपासून दूध यायला लागलंय. ब्लाउज भिजतोय. मला कोणी सांगितलंच नव्हतं की दूध येईल. आई म्हणतेय घट्ट फडकं बांध. खूप दुखतंय. कोणाला विचारू कळत नाहीये. जाग्या आहात का कोणी?

अबोली
१४ ऑगस्ट, पहाटे ४:२२

मी जागी आहे.

फडकं घट्ट बांधू नकोस, त्याने गाठी होतात. नीट बसणारी ब्रा घाल, झोपतानाही. फ्रिजमधल्या कोबीची पानं किंवा गार पाण्याची घडी ठेव. पूर्ण दूध काढू नकोस, काढलं की अजून बनतं. अगदीच दगड झाला तर आंघोळ करताना हाताने थोडंसं, आराम पडेल इतकंच. सकाळ झाली की तुझ्या डॉक्टरांना फोन कर, दूध थांबवायची गोळी असते पण ती त्यांनीच द्यायची, बीपीचा त्रास असेल तर चालत नाही. ताप आला किंवा लाल, गरम झालं तर वाट बघायची नाही, लगेच जायचं.

माझं आठदहा दिवसांत कमी झालं होतं.

कडूगोड
१४ ऑगस्ट, पहाटे ४:४०

मीपण आहे. तुला लगेच थांबवायचं नसेल तर तेही चालतं. माझ्या बहिणीने सहा दिवस दूध काढून मिल्क बँकेत दिलं होतं, तिथल्या एनआयसीयूतल्या बाळांसाठी. आपल्याकडे सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये पहिली मिल्क बँक सुरू केली, आता बऱ्याच शहरांत आहेत. रक्त तपासतात आणि मग घेतात. पण हे करायलाच हवं असं अजिबात नाही. तुला जे सोसेल ते कर.

निःशब्द_०८
१४ ऑगस्ट, पहाटे ४:५१

पानं ठेवलीत. आईला फडकं नको म्हटलं.

अबोलीताई, तुम्हाला आता कितवा?

अबोली
१४ ऑगस्ट, पहाटे ४:५८

तेहतिसावा. हलतोय आत्ता, म्हणूनच जागी होते, मोजत होते. सदतिसाव्यात बोलावलंय.

तुझं बाळ काय होतं, मुलगा की मुलगी? नाव ठेवलं होतंत का?

निःशब्द_०८
१४ ऑगस्ट, पहाटे ५:०३

मुलगा. ठरवलं होतं. ओंकार.